साडेदहा

काम हवं असेल तर आधी पबात जाऊ नकोस,
म्हणाला बसचा ड्रायव्हर,
आधी खताच्या दुकानात जा.
पबात सगळे काम संपवून आलेले असतात.

दुकानात ग्वेनिथ नावाची म्हातारी
एका निळ्या शर्टाला बटण लावत बसली होती.
तिनं माझे बूट पाहिले, मग हात,
चेहरा सगळ्यात शेवटी.
कुठली? एस्टोनिया.
ते कुठं आलं? फिनलंडच्या खाली.
"खाली म्हणजे आम्ही," ती म्हणाली
आणि दातांनी दोरा तोडला.

अशी लागले मी गव्हाच्या कोठारावर,
सुगीपुरती.
पर्थपासून पाच तास आत,
जिथं रेल्वे फक्त धान्यासाठी येते
आणि माणसांसाठी मंगळवारी बस.

पहाटे सहाला पहिला ट्रक.
मी मचाणावर चढते, लांब नळी
गव्हाच्या पोटात खुपसते, सात ठिकाणी,
डबा भरून आत नेते.
यंत्र मिनिटभर घुमतं, मग सांगतं
ओल किती, प्रथिनं किती.
साडेदहा असली तर एक भाव.
साडेदहाच्या खाली दुसरा.
वर्षभराचं त्यांचं आभाळ
माझ्या बोटाखाली दशांश होऊन येतं.

काट्यावर लायल असतो.
समोरच्या टेकडीला त्याच्या लोकांचं नाव आहे,
नकाशावर मात्र भलत्याच कुणाचं.
त्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या:
माशी तोंडात गेली तर गिळून टाकायची,
आणि ड्रायव्हरला आकडा सांगताना
"सॉरी" म्हणायचं नाही.

डिसेंबरच्या नवव्या दिवशी
पारा चव्वेचाळीसवर, वारा उत्तरेचा.
आगीच्या भीतीनं कापणी बंद,
यंत्रं शेतात जिथल्या तिथं उभी.
शेवटचा ट्रक आला हॅमिश ट्रेलोरचा.
यंत्र म्हणालं, दहा पूर्णांक चार.

तो खिडकीशी आला.
"पुन्हा कर."
पुन्हा केलं. दहा पूर्णांक चार.
त्याच्या भुवयांत भुसा होता.
कोठारात तो, मी आणि पंख्याचा आवाज.
एक दशांश. कुणाला कळलं असतं?
आमच्या बेटावर वडिलांचं रायचं शेत इतकंसं
की टोपी फेकली तर पलीकडच्याच्या हद्दीत पडेल,
तरी भावाचा आकडा ऐकताना
त्यांचा जबडा कसा घट्ट व्हायचा
ते मी लहानपणी टेबलाखालून पाहिलेलं.

चिठ्ठीवर मी आकडा लिहिला.
माझा चार जरा मोठाच आला.
त्यानं सही केली, पेन परत दिलं,
आणि गहू दुसऱ्या ढिगावर ओतायला गेला.
त्या रात्री पबात मी गेले नाही.

नाताळच्या आधी ढीग ताडपत्रीखाली गेले,
काम संपलं.
व्हिसासाठी हवेत अठ्ठ्याऐंशी दिवस,
माझे झाले एकेचाळीस.
ग्वेनिथच्या दारावरचे कागद वाचत होते:
कुत्र्याची पिल्लं, जुना पंप,
चर्चची सहल, तारीख उलटलेली.
मागं गाडी थांबली.
हॅमिश. इंजिन चालूच.
"मेंढ्यांचा वास चालतो?"
नाक बंद करता येतं, मी म्हटलं.

त्यानं तिथूनच बहिणीला फोन लावला.
एक पोरगी आहे, म्हणाला, लोकर गोळा करायला.
नाही, अनुभव नाही.
इंग्रजी? आहे आपलं, खडखडतं.
मग जरा थांबला, माझ्याकडे न बघता,
वायपरच्या पात्यातली गव्हाची काडी काढत म्हणाला:
"काटा मारत नाही."

दोनशे किलोमीटर तो एक शब्द बोलला नाही.
एका फाटकाशी मला उतरवताना
मागच्या सीटवरून एक पिशवी दिली.
आत झाडू होता,
आणि निळा शर्ट, माझ्याहून दोन मापं मोठा,
सगळी बटणं जागेवर.